मुलं, पासपोर्ट आणि काउंटरपलीकडची माणसं

अमेरिकेतून मुलांना घेऊन एकटी भारतात चाललेय म्हणलं की समोरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो म्हणजे विमानात रडत नाहीत का गं. रडतात. रडतात आणि झोपतात. विमानाचं मला काही वाटत नाही, बंद जागा आहे, पळून पळून जातील कुठे. खरा जीव खालीवर होतो तो जमिनीवर, त्या काउंटरपलीकडच्या माणसांसमोर, ज्यांच्या हातात तुमचे पासपोर्ट असतात आणि ज्यांना तुमच्या कडेवरचं मूल एकतर दिसतच नाही किंवा दिसलं तर संशयाचं कारण म्हणून दिसतं.

ह्या उन्हाळ्यात नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून मी आणि दोन पोरं असे निघालो. थोरला सहा वर्षांचा, धाकटी दीड. माझा भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड, पोरांचे अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड. आणि माझं आडनाव माहेरचंच आहे, लग्नानंतर बदललं नाही, सासरी कुणाला त्याचं काही पडलेलं नव्हतं आणि बँकेत शाळेत पण कधी अडलं नाही. अमेरिकन पासपोर्टवर आईवडिलांची नावं छापलेली नसतात हे लक्षात घ्या. म्हणजे कागदावर बघितलं तर एक बाई आणि तिच्याशी काही संबंध नसलेली दोन मुलं. हे मला माहीत होतं त्यामुळे तयारी जय्यत केली होती, दोघांचे जन्मदाखले, मॅरेज सर्टिफिकेट, आणि नवऱ्याचं नोटरी केलेलं पत्र की माझी हरकत नाही. असं पत्र न्यायलाच पाहिजे असा इथे कायदा नाही, पण न्या असं सरकारच सांगतं. आमच्या बँकेत नोटरी फुकट होते, तेवढं एक सोपं काम.

तर निघायच्या दिवशी चेक-इन काउंटर. एअरलाइनचं नाव लिहीत नाही, कुठलीही घ्या. काउंटरवरच्या बाईने थोरल्याचा पासपोर्ट बघितला, ओसीआय बघितलं, परत पासपोर्ट, आणि मान वर न करता म्हणाली, नंबर जुळत नाही, ह्याला बोर्ड करता येणार नाही.

आता हे ओसीआयचं प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मुलांचा अमेरिकन पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. ओसीआय कार्डावर मात्र ते काढलं तेव्हाच्या पासपोर्टचा नंबर छापलेला असतो. थोरल्याचं ओसीआय तो तीन महिन्यांचा असताना काढलेलं, फोटोत तो डोळे मिटून, डोकं एका बाजूला कललेलं, मागे पांढरी चादर. पाच वर्षांनी पासपोर्ट नवीन झाला, नंबर बदलला, कार्ड तेच. पूर्वी विशीच्या आत दर नवीन पासपोर्टला नवीन ओसीआय काढावं लागायचं, पैसे परत, फोटो परत, फेऱ्या परत. 2021 मध्ये भारत सरकारने ते बंद केलं. आता नवीन पासपोर्ट हातात आल्यापासून तीन महिन्यांत त्याची कॉपी आणि मुलाचा नवीन फोटो पोर्टलवर अपलोड करायचा, फुकट, आणि नोंद झाली की मेल येतो. त्याच वर्षी जुना पासपोर्ट सोबत बाळगायची अट पण काढून टाकली. मी अपलोड केलेलं, मेल आलेला, त्याची प्रिंट काढलेली, ती फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवलेली.

प्रिंट दिली. तिने ती हातात घेतली नाही. काउंटरवर जिथे ठेवली तिथेच राहिली आणि ती म्हणाली आमची सिस्टीम असं सांगत नाही. मी म्हणलं सिस्टीममध्ये खाली वाचा ना, ओसीआयचं वेगळं दिलेलं असेल. कारण मला माहितीये की ही सगळी मंडळी टायमॅटिक नावाच्या डेटाबेसमध्ये बघतात, कुठल्या देशाला कुठली कागदपत्रं लागतात ते त्यात असतं. तर ती म्हणाली, मॅम, माझं काम मला शिकवू नका. झालं. ह्या वाक्यानंतर काही बोलायची सोयच राहत नाही, आपण बरोबर असलो तरी आपण भांडखोर बाई होतो, आणि मागच्या रांगेतले लोक घड्याळ बघायला लागतात.

इकडे थोरला बॅगा ठेवायच्या काट्यावर चढला आणि ओरडला, आई, मी फॉर्टी सेव्हन आहे! त्या बाईने ह्यावर मात्र ताबडतोब मान वर केली. मुलाला खाली उतरवा. प्लीज नाही, काही नाही. तो उतरला आणि माझ्या पायाला चिकटला. धाकटी कडेवर, एका हाताने माझं कानातलं ओढतेय. मी शांतपणे म्हणलं की मला तुमच्या सुपरवायझरशी बोलायचंय आणि तोपर्यंत मी बाजूला होणार नाही. आवाज चढवला नाही, हे मुद्दाम सांगते कारण आतून भयंकर चढलेला होता.

सुपरवायझर आला, बराच वेळाने आला, पण आला. त्याने प्रिंट उचलली, वाचली, स्क्रीनवर खाली खाली गेला, म्हणाला ओके, इट्स फाइन, आणि बॅगांना टॅग लागायला सुरुवात झाली. ती बाई गप्प. सॉरी वगैरे विसराच. मी पण थँक्यू फक्त त्याला म्हणलं, तेवढाच माझा सूड.

एक मात्र मान्य करते. ही माणसं घाबरलेली असतात. कागद चुकीचे असलेला प्रवासी नेला तर त्याला परत आणायचा खर्च आणि वर दंड एअरलाइनच्या डोक्यावर बसतो, आणि तिथून तो खाली कुणाच्या डोक्यावर येत असेल ते सांगायला नको. त्यामुळे नाही म्हणणं त्यांना नेहमीच सोपं. पण घाबरलेल्या माणसाने समोरचा कागद वाचायला काय हरकत आहे?

आणि गंमत म्हणजे ज्यांचा नियम त्यांना काहीच अडचण नव्हती. मुंबईला उतरलो, अपरात्री, पोरं अर्धवट झोपेत. इमिग्रेशनवरच्या साहेबांनी ओसीआय बघितलं, त्या डोळे मिटलेल्या बाळाकडे बघितलं, मग थोरल्याकडे बघितलं. हा तोच का? म्हणलं हो. मोठा झाला की, म्हणाले, गाव कुठलं? म्हणलं सांगली. मारला शिक्का. मेलची प्रिंट मी हातात धरूनच उभी होते, ती कुणी मागितली पण नाही.

सांगलीचे दिवस सोडून देते, ते सगळ्यांचे सारखेच असतात, आंबे आणि पाहुणे आणि पोरांचं पोट बिघडणं.

परतीला मात्र कंबर कसून निघाले. आईने धाकटीसाठी नाचणी सत्त्व दळून दिलेलं, ते गुपचूप मोठ्या बॅगेत टाकलं, कारण अमेरिकेला जाणाऱ्या विमानात केबिन बॅगेत 350 मिलीच्या वर पावडर असली की तपासणी वाढते, 2018 पासून आहे हे. बाळाच्या फॉर्म्युल्याला सूट आहे, पण नाचणी सत्त्व म्हणजे पण तेच हो हे पहाटे तीनला कोणाला पटवून देत बसा. आईने कढीपत्ता पण बांधून दिला होता, तो मी काढून ठेवला, ताजा कढीपत्ता अमेरिकेत चालत नाही, त्याच्यावरून लिंबूवर्गीय झाडांना लागणारी कीड जाते म्हणतात. आई रुसली. असू दे.

मुंबईला सिक्युरिटीत सीआयएसएफच्या बाई होत्या, चेहरा असा की आपण काहीतरी चोरलंय असंच वाटावं. पडद्यामागे गेले तर म्हणाल्या, इकडं द्या तिला, आणि धाकटीला सरळ स्वतःच्या कडेवर घेतलं, एका हाताने माझ्याभोवती ते यंत्र फिरवलं, दुसऱ्या हातात पोर. धाकटी त्यांच्या छातीवरची नावाची पट्टी उपटायच्या बेतात. त्या हसल्या वगैरे नाहीत. पोर परत दिली, बोर्डिंग पासवर शिक्का मारला, पुढचं. पण एवढ्या एका गोष्टीने माझे खांदे सैल झाले. गोड बोलावं अशी माझी मुळीच अपेक्षा नाही, हे असं चाललं तरी पुष्कळ आहे.

मग मधला थांबा. युरोपातला एक मोठा विमानतळ, नाव राहू दे. भारतातून आलेल्या सगळ्यांची तिथे परत सिक्युरिटी होते. मावशीने मुंबईहून निघताना धाकटीसाठी थर्मासच्या डब्यात गुरगुट्या भात भरून दिला होता, वर तूप आणि मेतकूट. लहान मुलाचं प्रवासात लागेल एवढं खाणं आणि दूध 100 मिलीच्या नियमातून वगळलेलं आहे, तिकडे पण आणि अमेरिकेत पण. ट्रे पुढे जाऊन बाजूच्या पट्ट्यावर वळला. एक तरुण पोरगी, हातात निळे ग्लोव्ह्ज, तिने डबा उघडला, वास घेतला आणि नाक असं मुरडलं की विचारू नका. हे काय आहे. बाळाचं जेवण. हे बाळाचं जेवण नाही. म्हणजे? बाळाचं जेवण तर बाटलीत असतं, म्हणाली, लेबल असतं. आणि डबा कचऱ्याच्या पिंपाकडे.

इथे मात्र मी हात पुढे केला. डब्याला नाही लावला, तिला लावायचा तर प्रश्नच नाही, नुसता मधे धरला आणि म्हणलं टेस्ट करा, स्वॅब घ्या, मला खायला लावा, पण फेकू नका, पुढे नऊ तास आहेत आणि ती दुसरं काही खात नाही. तुम्हीच खाऊन दाखवा असं म्हणायचा त्यांना अधिकार आहे, आई किंवा बापाला चव घ्यायला सांगतात कधी कधी. तिने मागे वळून कुणाला तरी काहीतरी विचारलं आणि मला म्हणाली, खा. मी चमचाभर खाल्ला. धाकटीने बघितलं की आई आपला भात खातेय आणि जो काही भोंगा सुरू झाला! आजूबाजूचे सगळे बघायला लागले. थोरला म्हणाला, आई, मला पण भूक लागलीय. तिथेच, त्या स्टीलच्या टेबलाशेजारी उभ्या उभ्या धाकटीला भरवायला लागले तर ती पोरगी म्हणाली, इथे नाही, पुढे. भात मिळाला, रांग सुटली. स्ट्रोलर मात्र तिने दोनदा घडी घालायला लावली आणि तो पण एका हाताने. मदत करायला रांगेतला एक आजोबासारखा माणूस आला, कुठल्या देशाचा होता कोण जाणे, त्याने खटक्यात बंद करून पट्ट्यावर ठेवला. नेहमी असंच होतं. मदत रांगेतल्याच कोणाकडून तरी येते.

आता शेवटचं आणि सगळ्यात लांबलेलं. अमेरिकेत उतरलो, आमच्या नेहमीच्या विमानतळावर. इथे एक सांगते, अमेरिकेतून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारणारं कोणी नसतंच, एअरलाइनच काय ते बघते. त्यामुळे आईने मुलं एकटीने कशी नेली हा प्रश्न जाताना सरकारी माणूस विचारत नाही, येताना विचारतो. रांग ठीकच होती, मुलं सिटिझन आणि मी ग्रीन कार्डवाली, आम्हाला एकाच रांगेत उभं राहता येतं. खिडकीतला ऑफिसर मध्यमवयीन, हातात कॉफी.

पासपोर्ट चाळले. मुलांचे वडील कुठे आहेत. म्हणलं घरी, म्हणजे आत्ता बाहेर, घ्यायला आलेत. आडनाव वेगळं का. म्हणलं लग्नानंतर बदललं नाही. पत्र आहे का. दिलं. त्याने पत्राचा कोपरा चिमटीत धरला आणि म्हणाला हे कोणीही टाइप करू शकतं. नोटरीचा शिक्का आहे म्हणलं. त्याने मला उत्तर दिलं नाही, खाली वाकून थोरल्याला विचारलं, ही कोण आहे? थोरला आधीच जागरणाने तारवटलेला, तो माझ्यामागे गेला. परत विचारलं, तुझे डॅड का नाही आले? ह्यावर मात्र स्वारी खुलली. डॅडला सुट्टी नाही मिळाली, आणि आजीने खूप चिवडा दिलाय, आणि ती लीव्ह्ज आईने काढून ठेवली म्हणून आजी रडली. खाण्याचं मी आधीच सांगितलेलं होतं, मसाला चिवडा लाडू, सगळं चालणारं, त्यामुळे त्याची भीती नव्हती. पण 'आजी रडली' एवढंच त्या माणसाने नेमकं ऐकलं असणार. पासपोर्ट एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये गेले आणि म्हणाला, त्या खोलीत जाऊन बसा.

ती खोली ज्यांनी बघितलीय त्यांना माहितीये. खुर्च्यांच्या रांगा, पुढे उंच काउंटर, भिंतीवर फोन वापरायला मनाई. नवरा बाहेर वाट बघतोय, त्याला कळवायची काही सोय नाही. किती वेळ लागेल विचारलं तर, बसा. मुलांना पाणी मिळेल का, बसा. थोड्या वेळाने थोरला कानाशी आला, आई, सू. मी उठले तर काउंटरवरचा एकजण तिथूनच ओरडला, तुम्हाला बसायला सांगितलंय. म्हणलं मुलाला बाथरूमला जायचंय. थांबावं लागेल. सहा वर्षांचं पोर किती थांबणार हो, पायावर पाय टाकून नाचायला लागलं, चेहरा लाल. मला तोपर्यंत रडू नव्हतं आलं, ते आता यायला लागलं, पण पोरांसमोर रडले तर दोघं सुरू होतील म्हणून छताकडे बघत बसले. शेवटी दुसरी एक ऑफिसर, काळी, उंच, केस घट्ट बांधलेले, स्वतःहून बाहेर आली, कम ऑन बडी म्हणाली आणि आम्हा तिघांना घेऊन गेली. दारापाशी उभी राहिली. परत येताना थोरल्याला विचारलं, कितवीत आहेस? त्याने सगळं सांगितलं, शिक्षिकेचं नाव, वर्गातला हॅमस्टर, आई हॅमस्टर घ्यायला देत नाही. मग ती काउंटरमागे गेली आणि आमचा फोल्डर तिनेच उघडला. बहुतेक तिला तेवढ्या गप्पांत कळायचं ते कळलं होतं, पोर दोन मिनिटांत आईची तक्रार करतंय म्हणजे आई त्याचीच.

जन्मदाखले बघितले. मग मी तिला माझ्या पासपोर्टचं शेवटचं पान दाखवलं, तिथे नवऱ्याचं नाव छापलेलं आहे, आणि पोरांचं मधलं नाव म्हणजे आपल्याकडे बापाचं नाव, ते त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळतं. हे तिला कोणी आधी सांगितलंच नव्हतं, पण लगेच लक्षात आलं, बोट ठेवून दोन्हीकडे ताडून बघितलं. म्हणाली ओके, आता फक्त पत्रावरच्या नंबरला एक फोन करते.

फोन केला. वाजला, वाजला, कट.

परत केला. कट.

मला कळलं काय चाललंय. नवरा गाडीत बसलाय, अनोळखी नंबर दिसतोय, आणि हा माणूस जन्मात अनोळखी नंबर उचलत नाही, गाडीची वॉरंटी विकणारे असतात म्हणून. तिने माझ्याकडे बघितलं. म्हणलं, प्लीज एकदा व्हॉइसमेल ठेवा. तिने ठेवला आणि मिनिटाभरात त्याचा उलटा फोन आला, तिकडून त्याचा आवाज मला एवढ्या लांब ऐकू येत होता, इतका घाबरलेला. मुलांच्या जन्मतारखा विचारल्या. थोरल्याची बरोबर सांगितली, धाकटीचा महिना चुकला, मग सुधारला. आता तिने पहिल्यांदा हसून माझ्याकडे बघितलं. सगळे सारखेच, म्हणाली.

पासपोर्ट परत. सुटलो. सामान पट्ट्यावरून काढून कोपऱ्यात रचलेलं.

आता माझं मत. त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. नवरा-बायकोचं भांडण झालं की एकाने मुलं उचलून दुसऱ्या देशात निघून जायचं, असं खरंच होतं. त्यासाठी 1980 चा हेग करार आहे, अमेरिका 1988 पासून त्यात आहे, भारताने त्यावर सही केलेली नाही. म्हणजे मुलं भारतात नेली तर त्या कराराने परत आणता येत नाहीत, कोर्टात वेगळं भांडावं लागतं. त्यामुळे भारतातून एकटी येणारी आई, वेगळं आडनाव, दोन मुलं, हे बघून त्यांना थांबवावंसं वाटलं तर मी समजू शकते, उद्या नवऱ्यानेच असं काही केलं तर मला पण वाटेल की कोणीतरी थांबवा. पण विचारायचं ते विचारा ना, पोराला सू करू न देऊन कुठल्या पळवलेल्या मुलाचा शोध लागतो? त्या खोलीत दोन ऑफिसर होते, कागद तेच, नियम तोच.

नंतर एअरलाइनला तक्रार लिहिली, इंग्रजीत, तारीख वेळ घालून, एकही विशेषण न वापरता. उत्तर आलं की तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. बरं.

ज्यांना लवकरच असं एकटं जायचंय त्यांनी पत्रात हे घाला: आईवडील दोघांचे पासपोर्ट नंबर, जायच्या-यायच्या तारखा, भारतात राहणार तो पत्ता, मुलांच्या जन्मतारखा, आणि मागे राहणाऱ्याचा मोबाइल. एक प्रत हँडबॅगेत, एक मोठ्या बॅगेत, एक मागे राहणाऱ्याकडे. आणि ज्याचा मोबाइल नंबर लिहिलाय त्याला आदल्या रात्री बसवून सांगा की उद्या आम्ही उतरायच्या वेळेला कुठलाही नंबर आला तरी उचलायचा, वॉरंटीवाला असला तरी उचलायचा, आणि तेवढ्यात धाकटीची जन्मतारीख पण पाठ करून घ्या.